पाघळ फंडाचं रजिस्टर

चॉकलेटवाल्यांच्या संघात एकवीस वर्षं नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या दातांकडे बघतो. मग विचारतो, "रोज फुकट खायला मिळत असेल ना?" मिळायचं. पण मला गोडाचं कधीच विशेष नव्हतं. मी शब्दशः आंबटशौकीन. लहानपणी अमरावतीला शाळेच्या फाटकाशी एक बाई चिंचा घेऊन बसायची, माझे खाऊचे सगळे पैसे तिच्या टोपलीत जायचे. लग्न होऊन रायपूरला आले तर इथे चिंचेला काही कमीच नाही. असं असून मधली बरीच वर्षं मी चिंच तोंडात घातली नव्हती. इथल्या मराठी मंडळाच्या अंकवाले 'नोकरीचं काहीतरी लिहा' म्हणून मागे लागले, तेव्हा म्हटलं तेच लिहावं. बाकी नोकरीत काय असतं, दहाला जायचं आणि सहाला यायचं.

एक आधीच सांगते. बोलताना मी मले-तुलेच बोलते. लिहायला बसले की हात आपोआप शाळेतलं लिहितो, त्याला माझा इलाज नाही.

आमचा संघ म्हणजे चॉकलेट, टॉफी, गोळ्या विकणाऱ्या ठोक व्यापाऱ्यांचा. त्यात थोडे घरी बनवणारेही होते. राज्य वेगळं झालं तेव्हा तो जिल्ह्याचा संघ होता, आणि आठवड्याभरात प्रदेशाचा झाला. म्हणजे झालं काय, तर पेंटर आला आणि बोर्डावरचं 'जिला' पुसून त्यानं 'प्रदेश' लिहिलं. जागा पुरेना, म्हणून 'श' जरा खाली उतरला. मी पेंटरला म्हटलं, "भैया, ये गिर रहा है." तो म्हणाला, "राजधानी नई है मैडम, अभी सब जम रहा है." तो 'श' शेवटपर्यंत जमला नाही.

ऑफिस ब्राह्मणपाऱ्यात, एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत. एक टेबल, एक कपाट, बैठकीसाठी बारा खुर्च्या, आणि मी. कागदावर माझं पद 'कार्यालय सचिव'. पण चिठ्ठ्या लिहिणं, वर्गणी गोळा करणं, हिशेब ठेवणं आणि भांडणं मिटवणं हे सगळं माझ्याकडे. सगळे मला बोरकर मैडम म्हणायचे आणि थोडे घाबरायचे. मी ते घाबरणं आनंदानं चालू दिलं.

आता ही ना-नफा संस्था म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या नवऱ्यालाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. लोकांना वाटतं, ना-नफा म्हणजे पैसा उरायचाच नाही. उलट, उरला पाहिजे. सभासदांची वर्गणी यायची, कॅलेंडरवर जाहिराती यायच्या, दिवाळीआधी मेळा भरायचा त्यातल्या स्टॉलचं भाडं यायचं. खोलीचं भाडं, माझा पगार, चहा आणि ऑडिटवाल्यांची फी जाऊन चार पैसे उरायचे. ते फक्त कोणी घरी न्यायचे नाहीत. संस्थेचं ते संस्थेच्याच कामाला. नियम एवढाच, पण व्यापाऱ्याला तो पटवणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं.

आमचे अध्यक्ष घनश्यामजी. मोठे ठोक विक्रेते, स्वभावानं मऊ, कोणाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. म्हणून नाही म्हणायचं काम माझं. दरवर्षी दिवाळी जवळ आली की कोणीतरी सुचवायचं, शिल्लक आहे तर सगळ्या मेंबरांना चांदीचा एकेक शिक्का, म्हणजे नाणं, देऊन टाकू. घनश्यामजी माझ्याकडे बघायचे. मी म्हणायची, "नहीं होगा."

"मैडम, अपना ही तो पैसा है."

"दिया तब तक आपका था. अब संघ का है."

मग चहा यायचा आणि विषय पुढच्या दिवाळीवर जायचा. एकवीस वर्षांत एकही शिक्का वाटला गेला नाही, याचा मला आजही अभिमान आहे. नुसता हाच अभिमान असता तर किती बरं झालं असतं.

या शिलकीतून आम्ही एक काम मात्र फार चांगलं केलं, ते म्हणजे पाघळ फंड. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं. बाजारात सगळे त्याला पिघल फंड म्हणायचे, मी पाघळ म्हणायची. चॉकलेट अंगाच्या उबेला पाघळतं, म्हणून तर ते जिभेवर विरतं. आणि रायपूरचा मे महिना अंगापेक्षा गरम. त्यात वीज गेली की लहान दुकानदाराचा महिन्याचा माल एका दुपारीत वाया जायचा. फंडातून अशा मेंबराला अर्ध्या किमतीची मदत मिळायची. फंडाचे नियम मीच लिहिले होते. 'गर्मी से पिघला हुआ माल', बस. शब्द नेमके घातले की कोणाला घुसायला जागा राहत नाही, असं माझं मत होतं.

मदत मागायची तर तीन वेगवेगळ्या खोक्यांतले तीन नग घेऊन ऑफिसात यायचं. मी नग मोडून बघायची. चांगलं जमलेलं चॉकलेट टक् आवाज करून तुटतं. पाघळून पुन्हा घट्ट झालेलं नुसतं वाकतं नाहीतर भुगा होतं, त्याच्या कडा गोल झालेल्या असतात आणि वरची चकचकीत पन्नी चिकटलेली असते. खात्री झाली की त्याच नगावर अंगठा दाबून रजिस्टरात मेंबराच्या सहीशेजारी उमटवायची. एकदा एका मेंबरानं 'मी नग आणलेच होते, तुम्ही हरवले' असा वाद घातला, तेव्हापासून ही पद्धत पाडली. पहिल्या उन्हाळ्यानंतर रजिस्टरला मुंग्या लागल्या. मग मी कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, आपल्याकडे दुधा-तुपाच्या फडताळाचे ठेवायचे तसे. ऑडिटवाले पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आधी वाट्या पाहिल्या, मग मला पाहिलं, आणि काही न विचारता खुर्ची ओढली.

गमतीदार माणसं खूप आली. एका मेंबरानं मागच्या दिवाळीचा पडून राहिलेला माल गच्चीवर उन्हात ठेवला आणि चेहरा पाडून आला, "मैडम, बरबाद हो गया." मी पन्नी उलगडली तर आत दिव्यांची आणि फटाक्यांची चित्रं. म्हटलं, "भैया, मई में दिवाली मना रहे थे क्या?" तो बिचारा इतका लाजला की त्या वर्षाची वर्गणी आगाऊ भरून गेला.

दुसरे एक निवृत्त गृहस्थ पुरानी बस्तीतून चालत आले. नातवासाठी घेतलेलं चॉकलेट पांढरं पडलं होतं, बुरशी आली अशी त्यांची तक्रार. चॉकलेट गरम होऊन पुन्हा थंड झालं की त्यातलं कोकोचं लोणी वर येतं आणि पांढरं दिसतं. खायला त्यानं काही होत नाही. मी बोलत बसले नाही, त्यांच्यादेखत तुकडा तोडून खाल्ला. त्यांनी घाईघाईनं खाली दवाखाना उघडा आहे का ते पाहून घेतलं. दुसऱ्या दिवशी माझी तब्येत विचारायला पुन्हा आले आणि मी जिवंत आहे पाहून उरलेलं चॉकलेट घेऊन गेले.

तर अशी माझी ऐट होती. तोंडात घातलं की माल कसा आहे ते सांगणार, आणि माझ्या शब्दापुढे कोणी जाणार नाही.

पुष्पा संघात आली ती राज्याच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी. ब्राह्मणपाऱ्यातलीच, दोन गल्ल्या पलीकडची. घराणं भोसल्यांच्या वेळेपासून इथलं, नवरा छापखान्यात. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. कुठूनसं शिकून तिनं घरी चॉकलेट बनवायला घेतलं होतं. पाण्याच्या भांड्यावर भांडं ठेवून चॉकलेट वितळवायचं, साच्यांत ओतायचं, जमलं की काढून बटर पेपरात गुंडाळायचं. उन्हाळ्यात पहाटे चारला उठून करायची, कारण सात वाजल्यानंतर साच्यात काही जमत नसे. शंखांचे, मोरांचे, कैऱ्यांचे साचे. पैसे साठवून एकेक घेतलेले. मी तिचा पहिला मोर मोडला तेव्हा असा टक् आवाज झाला की मी तिच्याकडे बघतच राहिले.

"नवऱ्यानं एक वर्ष देल्लं आहे ताई," ती म्हणाली होती. "म्हणे, एक वर्ष करून पाह्य. पैसा सुटला तं ठीक, नाही तं बंद. मीबी हो म्हटलं."

"आन् नाही सुटला तं?"

"सुटते नं. काहून नाही सुटणार?"

वर्गणी तिनं पहिल्याच दिवशी पूर्ण भरली. आमच्या संघात ती एकटी बाई मेंबर, मी एकटी बाई नोकर. बैठकीला ती मागच्या खुर्चीवर बसायची आणि चहाचे कप गोळा करायला लागायची. मी तिला एकदा डोळ्यांनीच दटावलं. पुढच्या बैठकीला कप तसेच राहिले, घनश्यामजींनी स्वतःचा उचलला.

वर्षाच्या शेवटी-शेवटी तिला एक मोठं काम मिळालं. जूनमधलं लग्न, अडीचशे डब्बे, प्रत्येक डब्ब्यात बारा नग. पाहुण्यांना देण्यासाठी. या एका ऑर्डरीत तिचं वर्ष वसूल होणार होतं. तिनं महिनाभर आधीच बनवायला सुरुवात केली. घरात एक लहानसा फ्रिज, म्हणून तयार झालेले डब्बे ती संघाच्या थंड खोलीत आणून ठेवायची. ही खोलीही शिलकीतूनच भाड्यानं घेतलेली, एप्रिल ते जून मेंबरांसाठी. मशीन लावलेलं, आत गारवा.

मेच्या मध्यावर ते मशीन बंद पडलं. मिस्त्री म्हणाला, आठ-दहा दिवस लागतील. खोलीत वीस मेंबरांचा माल. घनश्यामजींना दम लागला. मी म्हटलं, घाबरू नका, मी बघते. मला 'मी बघते' म्हणायची फार हौस होती.

तेलीबांध्याच्या पुढे नव्या शहराच्या रस्त्यावर एक शीतगृह होतं, तिथे एक खोली रिकामी असल्याचं कळलं. मी रिक्षा करून गेले. शीतगृहाची देखभाल करणारा दुकालू नावाचा माणूस होता, पन्नाशीचा, गळ्यात गमछा. त्यानं जाड दार ओढलं. आतून गार हवा आली आणि तिच्याबरोबर चिंचेचा वास आला. बस्तरकडची चिंच तिथे पोत्यांनी ठेवायचे. ही खोली नुकतीच रिकामी झालेली, शेजारच्या दोन खोल्या भरलेल्या. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

दुकालू म्हणाला, "मैडम, इहां अमली के बास हे. मिठई-विठई झन रखव."

इथे चिंचेचा वास आहे, गोडधोड ठेवू नका, असं त्यानं सरळ सांगितलं. मी हसले. म्हटलं, "बास तो अच्छी है, भैया." तो म्हणाला, "हव, अच्छी तो हे." मग शेजारच्या खोलीतून त्यानं मूठभर चिंच आणून दिली. मी ती चोखत-चोखत थर्मामीटर बघितला, भिंतींना ओल आहे का पाहिलं, आणि कागदावर लिहिलं, 'कमरा देखा, ठीक है.' खाली सही केली. चॉकलेट शेजारचा वास ओढून घेतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. उदबत्तीजवळ चॉकलेट ठेवू नका म्हणून मीच दुकानदारांना सांगत असे. पण चिंच मला आवडते म्हणून तो वास मला वासच वाटला नाही.

माल हलवला. मशीन दुरुस्त झालं, माल परत आला. मोठ्या व्यापाऱ्यांची कारखान्यातली पाकिटं, पक्की बंद, त्यांना काही झालं नाही. पुष्पाचे डब्बे पुठ्ठ्याचे, आत बटर पेपर.

जूनमध्ये, लग्नानंतर तिसऱ्या दिवशी ती जिना चढून आली. हातात एक डब्बा. चेहरा असा की मी खुर्ची पुढे केली.

"ताई, हे खाऊन पाहा."

मी मोर मोडला. टक् आवाज झाला. तोंडात घातला, आणि पहिल्यांदा चॉकलेट लागलं, मग मागून चिंच आली. शीतगृहाचं दार उघडल्यासारखी आली. मला त्या क्षणी सगळं कळलं. कोणी सांगायला नको होतं.

"लगनघरचे म्हणून राहिले, चाकलेटात इमली काहून टाकली," पुष्पा म्हणाली. "लेकरायनं थुकून देल्लं म्हणे. डब्बे वापस केले, अॅडव्हान्स वापस मांगून राहिले. मी तं चिंचेले हातबी नाही लावला ताई. मले काही समजूनच नाही राहिलं."

तेव्हा मी काय बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहायचंच ठरवलंय. मी म्हटलं, "माल पाघळला नाही, पुष्पा. फंड पाघळलेल्या मालाचा आहे."

ती म्हणाली, "पैशाचं नंतर पाहू. हे झालं कसं, ते सांगा नं."

मी म्हटलं, "अर्ज दे. बैठकीत ठेवते."

जुलैच्या बैठकीत अर्ज आला. पुष्पा मागच्या खुर्चीवर. घनश्यामजींनी वाचून विचारलं, "वो कमरा देखा किसने था?" कोणीतरी फाईल उघडून म्हणालं, "मैडम ने देखा था. कागज लगा है." घनश्यामजी म्हणाले, "मैडम ने देखा है तो ठीक ही होगा." मग एकजण म्हणाला, "घर में बनाती हैं, उसी रसोई में अचार-चटनी भी बनता होगा. वहीं से बास लगी होगी." दोन-चार माना हलल्या. पुष्पानं माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरात पाहिलं. बैठकीचा वृत्तांत मीच लिहायची. मी लिहिलं, 'आवेदन नियम में नहीं बैठता.' माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

माझी नोकरी जाणार नव्हती. पगार कापला गेला नसता. घनश्यामजींनी फार तर एक सुस्कारा टाकला असता. गेला असता तो फक्त माझा तोरा, आणि तेवढ्यासाठी मी गप्प बसले. त्याच बैठकीत चांदीच्या शिक्क्यांची गोष्ट निघाली तेव्हा मात्र माझा आवाज खणखणीत होता. संस्थेचा एक रुपया वाकडा जाऊ देणार नाही, असं काहीसं बोलले. लोकांनी माना डोलावल्या. पुष्पा तोवर उठून गेली होती.

सप्टेंबरात दुकालू ऑफिसात आला. शीतगृहात माल चढवल्याची हमाली राहिली होती, ती न्यायला. मी पैसे मोजले, त्यानं गमछ्याच्या टोकाला बांधले. मग उभ्याउभ्या त्या डब्ब्यांचं विचारलं, ठीक राहिले ना म्हणून, "वो दीदी के कागज के डब्बा मन ठीक रिहिस?"

वीस मेंबरांच्या खोक्यांतून त्याला ते पुठ्ठ्याचे डब्बेच लक्षात राहिले होते. मी म्हटलं, "नहीं भैया. बास लग गई."

तो रागावला नाही, काही नाही. "मैं तो केहे रेहेंव, मैडम," म्हणाला, मी तर सांगितलं होतं, आणि जिना उतरून गेला.

तो गेल्यावर मी टेबलाकडे वळले. समोर रजिस्टर, ऑडिटवाल्यांनी चार दिवसांपूर्वीच 'एकदम साफ' म्हणून वाखाणलेलं.

महिनाअखेरीला वार्षिक सभा होती. हिशेब वाचून झाला, टाळ्या झाल्या, आणि मी बसलेच नाही. म्हटलं, एक हिशेब राहिला आहे. खोली मी पाहिली होती. दुकालूनं मला वासाचं सांगितलं होतं. मी त्याची चिंच खाल्ली आणि सही केली. त्या बाईच्या रसोईचा यात काही दोष नाही. बोलताना मी टेबल धरून ठेवलं होतं. पुढे म्हटलं, नुकसान मी माझ्या पगारातून भरते.

मग घनश्यामजी उठले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे न बघता निर्णय घेतला. "गलती दफ्तर की है तो पैसा दफ्तर का जाएगा," म्हणाले. एकानं विचारलं, हे मेंबरला पैसे वाटणं नाही का होणार? याचं उत्तर मला पाठ होतं. संस्थेनं आपली चूक भरून देणं म्हणजे शिल्लक वाटणं नव्हे. नियमातले शब्दही त्याच दिवशी बदलले, 'पिघला हुआ' काढून 'खराब हुआ' घातलं. सगळं वीस मिनिटांत झालं. जे वीस मिनिटांत होणार होतं त्याला मी तीन महिने लावले होते. सभा संपल्यावर घनश्यामजी जिन्यापाशी हळूच म्हणाले, "मैडम, जुलाई में बोल देतीं तो अच्छा रहता."

दुसऱ्या दिवशी मी पुष्पाकडे गेले. एका हातात चेक, दुसऱ्यात संघाच्या लेटरहेडवर लिहिलेला कागद. 'श्रीमती पुष्पा यांचा माल उत्तम होता. तो संघानं चुकीच्या जागी ठेवला म्हणून खराब झाला. जागा कार्यालय सचिवांनी पाहिली होती.' खाली माझी सही.

तिनं चेक फडताळावरच्या डब्याखाली सरकवला. कागद मात्र तीनदा वाचला. मग आत हाक मारली, "अहो, पाहा बरं इकडे. माल चांगला होता म्हणून लिहिलं आहे." नवरा चष्मा लावून आला, त्यानंही वाचला, घडी घालून तिच्या हातात दिला, आणि चहा ठेवायला गेला. मला त्याचं ते जाणं बोलण्यापेक्षा जड गेलं.

मी म्हटलं, "आता पुन्हा सुरू कर. दिवाळीच्या मेळ्यात स्टॉल देते."

"साचे विकले नं ताई," ती म्हणाली. "मागच्याच महिन्यात. भिलाईच्या एका बाईले. वर्ष संपलं होतं. अॅडव्हान्सबी वापस करायचा होता."

"सगळे?"

"सगळेच."

मग तिनं विचारलं, "हे जुलैत काहून नाही बोलल्या?"

"भेव वाटलं."

"कोणाचं?"

चहा आला, आम्ही प्यालो.

वाचणाऱ्याला वाटेल, पुढे चिंचेच्या चॉकलेटचा धंदा निघाला असेल आणि पुष्पा मोठी झाली असेल. तसं काही झालं नाही. मी दोनदा-तीनदा सुचवून पाहिलं, नवे साचे घेऊ, अर्धे पैसे मी घालते. ती म्हणायची, "एक वर्षाचं बोलणं होतं, झालं. आता कशाले?" पुढे ती एका शाळेच्या ऑफिसात लागली आणि तिथेच राहिली. बैठकीतली मागची खुर्ची रिकामी झाली. चहाचे कप उचलायला घनश्यामजींनी एक माणूस ठेवला.

मी मात्र त्या सभेपासून चिंच सोडली. कोणाला सांगितलं नाही. चटणीत नाही, वरणात नाही, कशातच नाही. घरच्यांना पित्त होतं म्हणून सांगितलं. पाणीपुरीच्या गाड्यावर पोरीसुना उभ्या राहिल्या की मी बाजूला होऊन पर्स सांभाळायची. काशीला जाऊन लोक एखादी आवडती वस्तू सोडतात, तसं मी हे सोडलं. दरवर्षी चिंचेचा हंगाम आला की मला मनातून बरं वाटायचं, म्हणायची, बघ शैला, तू अजून फेडते आहेस.

निवृत्त झाले तेव्हा संघाचं ऑफिस तेलीबांध्याला नव्या इमारतीत गेलं होतं. हिशेब कॉम्प्युटरवर, मदतीचे अर्ज मोबाइलवरच्या फोटोवर. अंगठे बंद. जुनी रजिस्टरं रद्दीत काढली होती, त्यातलं पाघळ फंडाचं मी मागून घरी आणलं. अजूनही त्याला मुंग्या लागतात. ऊन दाखवते, पुन्हा ठेवते.

मागच्या वर्षी पुष्पाच्या मुलीचं लग्न जमलं, म्हणून तिनं मला जेवायला बोलावलं. तीही आता निवृत्तीला आलेली, केस पांढरे. पानात पोळी, वांग्याची भाजी, वाटीत चिंचेचं सार. मी वाटी हळूच बाजूला सरकवली.

"काहून? तुमाले तं आवडे."

मग मी तिला सांगितलं. इतकी वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं ते तिलाच सांगितलं. त्या सभेपासून चिंचेला शिवले नाही म्हणून. खरं सांगू का, मला वाटलं होतं तिचे डोळे भरून येतील. मनातल्या मनात मी ती वेळ कितीदा तरी रंगवली होती.

पुष्पानं वाढायचा पळा खाली ठेवला. शांतपणे म्हणाली, "तुमी चिंच सोडली तं माहे साचे वापस आले काय, ताई?"

"नाही," मी म्हटलं.

"त्या दिवशी बोलल्या असत्या, आन् जन्मभर चिंच खाल्ली असती, तरी मले चाललं असतं." मग तिनं वाटी उचलून पुन्हा माझ्या पानाजवळ ठेवली. "खा आता. तुमच्या उपासानं माहं काही पोट नाही भरलं."

मी खाल्लं. दोनदा मागून घेतलं.